चेहरे जुने, बिऱ्हाड नवे

अर्थशास्त्राच्या वर्गात घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकविताना शिक्षकाला एक तरी आंबा, पेढा किंवा चहाचा पेला फळ्यावर काढावा लागतो. पहिल्या आंब्याने जेवढे समाधान मिळते तेवढे दुसऱ्याने मिळत नाही, तिसऱ्याने त्याहून कमी मिळते, आणि पाचव्याच्या वेळी पोट धरून बसावे लागते. गेली वीस वर्षे हा आंबा मी इमानाने फळ्यावर काढीत आलो आहे. यंदा मात्र मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने आंबा बाजूला सारून निराळाच प्रश्न विचारला. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आवडली आणि ‘दिल दोस्ती दोबारा’ तितकीशी आवडली नाही, ते याच सिद्धांतामुळे का? वर्गात हशा पिकला. मी त्या वेळी ‘होय’ म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर लक्षात आले, की उत्तर चुकीचे होते आणि प्रश्न मात्र चांगला होता.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर २०१५ च्या मार्चमध्ये सुरू झाली. रात्री साडेदहाची वेळ. सासू-सुनांची भांडणे आणि देवघरातील कटकारस्थाने आटोपून वडीलधारी मंडळी झोपावयास गेली, की हिचा आरंभ व्हावयाचा. मुंबईत एका घरात राहणारे सहा तरुण-तरुणी, त्या घराचे नाव ‘माजघर’. कैवल्य, सुजय, आशुतोष, मीनल, रेश्मा आणि अ‍ॅना. अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, स्वानंदी टिकेकर, सखी गोखले आणि पूजा ठोंबरे या नटनट्यांची नावे तोवर घरोघरी ठाऊक नव्हती. कथानक म्हणावे असे काही फारसे नव्हते. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेची ही नक्कल आहे, असे म्हणणारेही प्रारंभी पुष्कळ होते. तथापि पाहता पाहता मालिका लोकांची झाली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत, लोक आणखी मागत असतानाच, संपली. दूरचित्रवाणीवर एवढे शहाणपण विरळाच आढळते.

पुढे एका वर्षाने, २०१७ च्या फेब्रुवारीत, त्याच वाहिनीवर, त्याच वेळेला आणि त्याच सहा चेहऱ्यांसह ‘दिल दोस्ती दोबारा’ अवतरली. चेहरे तेच, पण माणसे निराळी, नावे निराळी, नाती निराळी. ‘माजघर’ जाऊन त्याच्या जागी ‘खयाली पुलाव’ नावाचे उपाहारगृह आले. ही मालिका त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आटोपली. पहिली अकरा महिने चालली, दुसरी सहा महिनेही नव्हे. नुसत्या कालावधीवरून गुणवत्ता ठरवू नये हे मान्य. तसे ठरवावयाचे तर आठ-आठ वर्षे चाललेल्या काही मालिकांना अभिजात म्हणण्याचा प्रसंग ओढवेल. परंतु आज आठ-नऊ वर्षांनंतरही मुले मोबाइलवर पहिलीचेच तुकडे पाहतात, दुसरीचे क्वचित. आणि ही मुले पहिली मालिका लागली तेव्हा दुसरी-तिसरीत होती. त्यांच्या बाबतीत गतस्मृतींचा मोह म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही.

आता त्या सिद्धांताकडे वळू. घटत्या सीमांत उपयोगितेच्या सिद्धांताला काही गृहीतके असतात, आणि ती विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करून विसरून जातात. वस्तूचे नग एकजिनसी असले पाहिजेत आणि त्यांच्या उपभोगात खंड पडता कामा नये. येथे वर्षभराचा खंड पडला होता. सकाळी जेवलेल्या माणसाला रात्री पुन्हा भूक लागते, तशी भूक प्रेक्षकांना लागलीच होती. शिवाय आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे, की चांगले संगीत माणूस जितके अधिक ऐकतो तितकी त्याची गोडी वाढत जाते. हसण्याचेही बहुधा तसेच असावे. एकदा हसलेल्या विनोदाला माणूस दुसऱ्यांदा अधिक मोकळेपणाने हसतो, पु. ल. देशपांडे यांच्या ध्वनिफिती पाठ असणारी घरे याची साक्ष देतील. तेव्हा तृप्ती झाली म्हणून ‘दोबारा’ आवडली नाही, असे म्हणण्यास आधार नाही.

खरे उत्तर पुढच्या प्रकरणात, उपभोक्त्याच्या संतोषाधिक्यात, सापडते. एखाद्या वस्तूसाठी आपण जेवढे द्यावयास तयार असतो आणि प्रत्यक्षात जेवढे देतो, त्यांतील अंतर म्हणजे संतोषाधिक्य. मालिका पाहण्याची किंमत पैशांत थोडी आणि वेळेत व अपेक्षेत फार असते. २०१५ साली कोणाचीच काही अपेक्षा नव्हती. झोप येईपर्यंत काहीतरी पाहावे म्हणून लोक बसले आणि अनपेक्षित धनलाभ झाल्यासारखे खूश होऊन उठले. २०१७ साली तेच लोक वर्षभराची अपेक्षा मोजून बसले होते. वस्तू तितकीच चांगली असती तरी अधिक्य घटणारच होते. पुनरागमन करणाऱ्या प्रत्येक मालिकेच्या वाट्याला हा तोटा जन्मतःच येतो, आणि म्हणून ती ‘मूळच्या तोडीची आहे का’ हा प्रश्न काहीसा अन्यायाचा आहे.

काहीसाच, कारण या अन्यायावर मात केल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत, आणि ती लक्षात घेतली म्हणजे सारा दोष प्रेक्षकांच्या अपेक्षेवर लोटता येत नाही.

चिं. वि. जोशी यांचा चिमणराव पाहा. तो प्रथम जन्मला छापील पानावर. १९४० साली ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांनी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे या जोडीने तोच चिमणराव आणि तोच गुंड्याभाऊ घरोघरी नेला. म्हणजे आज ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो तो चिमणराव वस्तुतः तिसरा. दामूअण्णांना पाहिलेले, किंवा केवळ पुस्तकातला चिमणराव मनात वागविणारे वाचक त्या काळी दूरचित्रवाणीसंचासमोर बसून ‘छे, तो चिमणराव निराळा!’ असे पुटपुटले असतीलच. पुढे ते पुटपुटणे विरून गेले आणि प्रभावळकरच चिमणराव ठरले. २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले, तेव्हा लोकांना गुंड्याभाऊ गेल्यासारखेच वाटले.

‘मोरूची मावशी’चेही तसेच. आचार्य अत्रे यांनी ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून हे नाटक मराठीत आणले आणि १९८५ साली विजय चव्हाण यांनी लुगडे नेसून ते पुन्हा उभे केले. त्या प्रयोगांना हसलेल्या प्रेक्षकांपैकी मूळ प्रयोग किती जणांनी पाहिला होता? तुलना करण्याची कोणाला आठवणही झाली नाही. ‘एका लग्नाची गोष्ट’ १९९८ चे. प्रशांत दामले आणि कविता लाड ही जोडी ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ घेऊन २०१८ साली परत आली, तेव्हा नाट्यगृहे भरली. तेथे तर चेहरेही तेच होते. पण मध्यंतरी वीस वर्षे गेली आहेत, हे लपविण्याचा खटाटोप कोणी केला नव्हता. रंगमंचावरील जोडप्याबरोबर प्रेक्षागृहातील जोडपीही वीस वर्षांनी मोठी झाली होती, आणि हसण्याचे निम्मे कारण तेच होते.

मग नाटकाला जे जमते ते मालिकेला का जमू नये? मला वाटते, याचे कारण संहितेत आहे. नाटकाला मजकूर असतो. तो लिहून, घासून, तालमीत पारखून स्थिर झालेला असतो. नट बदलले, पडदे बदलले, तरी तो टिकतो आणि नव्या नटाला तोलून धरतो. मालिकेला असा स्थिर मजकूर नसतो. आठवड्याला सहा भाग या हिशेबाने वर्षाचे भाग तीनशेच्या घरात जातात. जाहिराती वजा जाता प्रत्येक भागाची बावीस मिनिटे धरली, तर एकूण सहा हजार सहाशे मिनिटे, म्हणजे एकशे दहा तास झाले. अडीच तासांचे एक नाटक या मापाने ही चव्वेचाळीस नाटके होतात. एवढे विनोदी लेखन एका वर्षात करा, असे गडकऱ्यांना किंवा अत्र्यांना कोणी सांगितले असते, तर त्यांनी सांगणाऱ्यावरच एक प्रहसन लिहिले असते. मराठी मालिकांचे लेखक हे काम निमूटपणे करतात. आज लिहिलेले उद्या चित्रित होते आणि परवा विसरले जाते. अशा घाईत एखादी मालिका साधली, तर ती साधते लेखक, नट, ती वेळ आणि त्या वर्षीचे लोकांचे मन यांच्या योगायोगाने. हा योगायोग कपाटात जपून ठेवता येत नाही. कपाटात राहतात ते फक्त नाव आणि चेहरे.

हिशेबशास्त्रात या ‘नावा’ला ख्याती म्हणतात. भागीदारी मोडली, नवा भागीदार आला, की पेढीच्या ख्यातीचे मूल्य काढावयाचे. गेल्या काही वर्षांचा सरासरी नफा घेऊन त्याला ठरावीक वर्षांनी गुणावयाचे. वाणिज्य शाखेचा कोणताही विद्यार्थी हे गणित सोडवून दाखवील. वाहिन्यांचे व्यवस्थापकही नेमके हेच गणित सोडवितात. नवी कल्पना, नवे लेखक, अनोळखी नट यांत धोका असतो. जुने नाव आणले की पहिल्या आठवड्याचा प्रेक्षक तरी निश्चित, आणि जाहिरातदारही निश्चित. मात्र ख्यातीच्या गणितात एक अट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पेढीचा धंदा तोच राहील. कापडाच्या दुकानाची ख्याती विकत घेऊन त्याच पाटीखाली खते विकावयास बसले, तर गिऱ्हाईक पाटी वाचून आत येईल आणि पोती पाहून परत जाईल.

‘दोबारा’चे असेच काहीसे झाले. तिच्या कर्त्यांनी जुनी गोष्ट लांबविली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. त्याबद्दल त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. परंतु चेहरे तेच ठेवून माणसे बदलणे, ही युक्ती रंगभूमीवर चालते आणि मालिकेत चालत नाही. नाटकातील नटाला आपण नट म्हणून पाहतो. आज तो औरंगजेब, उद्या तळीराम. मालिकेतील माणूस अकरा महिने रोज रात्री आपल्या घरी येतो, तेव्हा तो शेजारी होतो. पलीकडच्या घरातील कैवल्य वर्षभराने परत यावा आणि ‘मी कैवल्य नव्हे, मी दुसराच’ म्हणून त्याने ओळख करून द्यावी, तसा हा प्रकार. आपण सौजन्याने मान डोलावतो, पण मनातून त्याला कैवल्यच म्हणत राहतो. यांपैकीच काही तरुण मधल्या काळात ‘अमर फोटो स्टुडिओ’ या नाटकात दिसले. तेथे त्यांची नावे निराळी आहेत म्हणून कोणी कुरकुर केली नाही, उलट नाटक उत्तम चालले. तेव्हा नटांच्या गुणांत काही उणे नव्हते.

याहून मोठे कारण मला बिऱ्हाडात दिसते. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली ती मर्यादित साधने आणि अमर्याद गरजा यांच्या मेळाची आहे. माझे मत असे, की मराठी घरगुती विनोदाची व्याख्याही याहून फारशी निराळी नाही. चिमणरावाचा संसार कारकुनाचा. त्याची फजिती पगाराच्या आकड्यापाशी सुरू होते. बटाट्याच्या चाळीत जागा कमी आणि माणसे फार. ‘माजघर’ त्याच वंशातले. सहाजणांची सहा वळणे, सहा स्वप्ने, आणि घर एक. लग्न करून मुंबईत आलेली आणि एकटी पडलेली रेश्मा त्या घरात रुळते, त्यातील गंमत आणि त्यातील दुःख दोन्ही जागेच्या व मायेच्या टंचाईतून येतात. कोणाला तरी आपली जागा थोडी आवरून घ्यावी लागते, तेव्हा दुसऱ्याला बसता येते. त्या आवरण्याला लोक हसत होते, आणि अधूनमधून डोळेही पुसत होते.

उपाहारगृहात ही टंचाई अधिकच तीव्र व्हावयास हवी होती. भांडवल, भाडे, उधारी, भागीदारांतील रुसवेफुगवे, आचारी पळून जाणे, सणासुदीला गॅसची टाकी संपणे. विनोदाला याहून सुपीक जमीन कोणती? नेवाशाच्या बसस्थानकासमोरचे कोणतेही हॉटेल आठवडाभर पाहिले तरी तेरा भागांचा ऐवज निघेल. परंतु ‘खयाली पुलाव’ माझ्या डोळ्यांना हॉटेलपेक्षा भेटीगाठींची जागा म्हणूनच अधिक दिसले. गल्ल्याची धाकधूक तेथे जाणवली नाही. माणसे यावयाची, बोलावयाची, चांगले बोलावयाची, आणि निघून जावयाची. घर सोडून जाता येत नाही. हॉटेलातून बिल देऊन उठता येते. एवढ्या एका फरकाने प्रसंगातला ताण सैल झाला.

हिंदीतील एक दाखला येथे उपयोगी पडेल. ‘साराभाई वर्सेस साराभाई’ ही मालिका २००४ साली स्टार वन वाहिनीवर आली तेव्हा तिला फारसा प्रेक्षक लाभला नव्हता; तिची कीर्ती मागाहून, पुनःप्रक्षेपणांनी आणि इंटरनेटने वाढविली. २०१७ मध्ये, ज्या वर्षी ‘दोबारा’ आली त्याच वर्षी, हॉटस्टारवर तिचा दुसरा अवतार आला. तेच लेखक, तेच नट, आणि मालिकेतील कुटुंब सात वर्षांनी पुढे गेलेले. सतीश शहा आणि रत्ना पाठक शहा यांच्या जुगलबंदीत तसूभरही उणेपण नव्हते. तरीही पहिल्या मालिकेतील टोमण्याला जी धार होती ती दुसरीत बोथट झाली आणि तिची जागा आरड्याओरड्याच्या विनोदाने घेतली, असे मला वाटते. पहिल्यांदा पात्रे स्वतःशी इमान राखून वागत होती आणि आपण हसत होतो. दुसऱ्यांदा आपण हसणार आहोत हे पात्रांना ठाऊक होते. सतीश शहा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये निवर्तले, तेव्हा वृत्तपत्रांनी आणि लोकांनी आठवणी काढल्या त्या बहुतेक पहिल्या मालिकेच्याच. ‘फ्रेंड्स’च्या मंडळींनी २०२१ साली याबाबत अधिक चतुराई दाखविली. त्यांनी नवी गोष्ट रचलीच नाही. जुन्या घराच्या देखाव्यात बसून गप्पा मारल्या आणि उठले.

येथे कोणी म्हणेल, की एवढ्या करमणुकीच्या गोष्टीचा इतका काथ्याकूट कशाला? आवडली तर पाहावी, न आवडली तर बंद करावी. ज्या गावी मी राहतो तेथे तर हा आक्षेप अधिकच समर्पक वाटेल. ज्या पैसाच्या खांबाला टेकून १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तो येथे उभा आहे. दरवर्षी पारायणे होतात, तीच ओवी, तोच अध्याय, आणि यंदाचे पारायण मागच्या तोडीचे झाले काय, असे कोणी विचारीत नाही. ती उंची निराळी, तिची मालिकांशी तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. ‘पुन्हा तेच’ याचा आपल्या लोकांना मुळीच कंटाळा नाही, एवढेच मला त्यावरून सुचवावयाचे आहे. कंटाळा आहे तो ‘पुन्हा तेच’ म्हणून सांगून दुसरेच काही हाती ठेवण्याचा.

आणि या काथ्याकुटात खरोखरीच काही पणाला लागलेले आहे. रात्रीचा साडेदहाचा अर्धा तास ही दुर्मीळ साधनसामग्री आहे. अशा वेळा वाहिनीपाशी मोजक्याच असतात. त्या वेळी जुन्या नावाची पाटी लागली, की एका नव्या लेखकाची संहिता परत जाते. अर्थशास्त्रात याला वैकल्पिक खर्च म्हणतात. हा खर्च ताळेबंदात दिसत नाही, कारण जी मालिका झालीच नाही तिची आठवण कोणाला येणार? २०१५ साली वाहिनीने सहा अनोळखी चेहऱ्यांवर आणि कथानक नसलेल्या गोष्टीवर धोका पत्करला, म्हणून ‘माजघर’ मिळाले. ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम दशकभर चालून २०२४ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह त्याच नावाने परतला. ती मालिका नव्हे, आणि तिचे मोजमापही निराळे. परंतु नावाची ओढ किती बलवत्तर असते, हे त्यावरूनही दिसते. वाहिन्यांच्या व्यवस्थापकांना मी मूर्ख समजत नाही. त्यांच्या जागी असतो तर कदाचित मीही तेच केले असते. मात्र प्रेक्षक म्हणून बसताना मी त्यांच्या जागी नसतो.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात सुधारून उत्तर दिले. संतोषाधिक्याचे प्रकरण त्यामुळे चार दिवस आधीच उरकले. तास संपल्यावर तिने सांगितले, की तिची थोरली बहीण पुण्यात कॉट बेसिसवर राहते. एका खोलीत चौघीजणी, एक नगरची, एक बीडची, एक साताऱ्याची आणि ही नेवाशाची. घरमालकिणीचे नियम भिंतीवर चिकटविलेले, आंघोळीला रांग, महिनाअखेरीस वाण्याच्या वहीवरून वाद. चौघी मिळून रात्री एकाच मोबाइलवर ‘दुनियादारी’ पाहतात आणि खोलीच्या दाराला त्यांनी खडूने ‘माजघर’ असे नाव दिले आहे. ‘दोबारा’ त्यांनी पाहिली आहे का, असे मी विचारले. नाही, म्हणाली, पहिलीचेच अजून शंभर भाग राहिले आहेत.